दिपेशच्या डोळ्यातला कण

माझ्या मेव्हण्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण अडकलाय, असं मी मुंबईच्या हॉस्पिटलात सांगितलं. नव्हता अडकलेला. आजवर थापा भरपूर मारल्यात, पण ही थाप मजेसाठी नव्हती. ही मी जळून मारली.

मी चांगदेव. उरणच्या अलीकडे, बंदराकडे जाणाऱ्या रोडवर माझं टायरचं दुकान. ट्रेलरचे टायर काढायचे, ठोकायचे, लावायचे आणि मधल्या वेळेत लोकांची फिरकी घ्यायची. सरपंचाच्या नव्या स्कूटरवर ‘विकणे आहे’ची पाटी कुणी लावली? मी. खाली नंबर कुणाचा? त्याच्याच सासऱ्याचा. पंजाबच्या ड्रायव्हरला, इथं मिठागरामुळं चहा खारटच होतो, असं सांगून महिनाभर मिठाचा चहा पाजला. बिचारा पुढच्या ट्रिपला घरच्यांसाठी तीच चहा पावडर मागायला आला.

थाप मारताना माझं तोंड एकदम गंभीर होतं, मयताला आल्यासारखं. बाहेरचे फसतात. घरचे फसत नाहीत. माझी पोरगी प्राप्ती, वय वर्षं दहा, ती तर माझं तोंड गंभीर झालं की आधीच हसायला लागते.

आणि हा दिपेश. माझ्या बायकोचा, क्रांतीचा धाकटा भाऊ. कंटेनर रिपेरिंगच्या यार्डात वेल्डर. दिवसाला मोजून वीस शब्द बोलणार, त्यातले दहा ‘हं’. त्यानं जोक मारल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आणि असल्या माणसावर माझ्या पोरीचा जीव. घरात मी असताना ‘मामा कधी येणार?’ बाजारात मी घेतलेला फ्रॉक कपाटात, मामानं आणलेली चप्पल पायात. तिच्या हाडात दुखत होतं तेव्हा माझ्या पोटात दुखत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सुरुवात गणराजच्या हळदीला झाली. गणराज माझा चुलतभाऊ. आमच्याकडं हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे, मांडव, अख्खा गाव अंगणात. आणि प्राप्ती, जी एरवी सगळ्यांत पुढं असते, ती खुर्चीवर बसून. मी ओढायला गेलो तर कानात म्हणाली, “पप्पा, पाय दुखतो. आतून.”

‘आतून’ म्हणाली. मी काय केलं? माईक घेतला.

“आमच्या हिरोईनची बॅटरी डाऊन झालीय! तिच्या वाटणीचा मी नाचतो!” आणि नाचलो लंगडत. माझं बघून मांडव लंगडत नाचला. डीजेवाल्यानं तेच गाणं तीन वेळा लावलं. पुढं महिनाभर शाळेतली पोरं तिला बघितलं की लंगडायची.

त्यानंतर तिनं मला दुखण्याचं काही सांगितलं नाही. आणि सांगायचं बंद झालंय, हे मला कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

क्रांतीला मात्र दिसत होतं, पोरगी जिना धरून चढते ते. तर माझ्या आईनं निकाल दिला, “मुका मार लागला आसंल.” मुका मार म्हणजे वरून ना जखम ना सूज, आत मात्र लागलेलं. मी लगेच, “मुका मारला? कुनी मारला गो?” सगळे हसले. प्राप्तीपण हसली, पण अर्धीच.

उरणच्या डॉक्टरनं वाढीच्या कळा सांगितल्या. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. झालं, मी जिंकलो! “बघा, फोटोत तर हिरोईन एकदम फिट हाय!” दिवाळीनंतर तिच्या गळ्याखालच्या हाडावर टेंगूळ आलं तेव्हा माझं तोंड बंद झालं. हाडात पू झाला असेल म्हणून सहा आठवडे अँटिबायोटिक दिलं. टेंगूळ जागचं हललं नाही. मग त्यांनी मुंबईला पाठवलं, लहान पोरांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

त्या केबिनमध्ये आम्ही चौघं. मी, क्रांती, प्राप्ती आणि मामा. मामा कशाला, असं मी येताना लाँचमध्ये दोनदा विचारलं होतं. 

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठं कुठं दुखतं, बाळा?”

प्राप्तीनं माझ्याकडं बघितलं, मग दिपेशकडं. दिपेशनं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

त्यांच्या यार्डात कंटेनर आला की एका छापील कागदावर त्याच्या सगळ्या बाजूंची चित्रं असतात. कुठं पोचा, कुठं भोक, कुठं गंज, तिथं फुली मारायची आणि बाजूला तारीख टाकायची. मग वेल्डर ती फुली बघून कामाला लागतो. दिपेशनं त्याच कागदाच्या मागं एक पोरगी काढली होती. पुढून एक, पाठीमागून एक. दोन वेण्या पण काढल्या होत्या गधड्यानं. आणि तिच्यावर फुल्या. डाव्या घोट्याच्या वर, उजव्या गुडघ्याला, गळ्याखाली, कमरेत. प्रत्येक फुलीजवळ तारखा. कधी दुखलं, कधी थांबलं, परत कधी सुरू.

पहिली तारीख हळदीच्या दुसऱ्या दिवसाची होती.

माझ्या पोरीला चार ठिकाणी दुखतं, हे मला कंटेनरच्या फॉर्मवरून कळलं.

“हे कुणी केलं?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला.

“हं,” दिपेश म्हणाला. म्हणजे ‘मी केलं’.

“फार कामाचं आहे हे. असं कुणी करून आणत नाही.” त्या क्रांतीकडं वळल्या. “एकाच जागी दुखत असतं तर मीही पू धरला असता. पण दुखणं जागा बदलतंय, मधे थांबतंय, परत येतंय. काही मुलांच्या हाडांना जंतू नसतानाही सूज येते. शरीर आपलं आपल्याच हाडावर उठतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. आपण डोक्यापासून टाचेपर्यंत सगळ्या अंगाचा एमआरआय करू. त्यात सुजलेली जागा पांढरी दिसते, न दुखणारीसुद्धा.”

क्रांतीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. “मॅडम, ते... दुसरं काय तर नसंल ना?”

“तेच आधी बघायचंय,” बाई सरळ म्हणाल्या. “म्हणून फोटो स्वच्छ हवा. जवळजवळ तासभर हलायचं नाही. हलली तर फोटो पुसट येईल आणि पुसट फोटोवर मी काहीच सांगणार नाही. भूल देऊन करायचं तर तारीख दीड महिन्यानंतरची आहे. हिला जमेल असं मला वाटतं. आत एक जण जवळ बसू शकतो.”

“मी बसतो,” मी म्हणालो.

“पप्पा नको,” प्राप्ती म्हणाली. “मामा.”

“का गो? मी काय वाघ हाय?”

“तू हसवशील.”

डॉक्टरीणबाई हसल्या. क्रांती हसली. माझ्या जोकवर नाही, माझ्यावर. आणि दिपेश खाली बघून कागदाची घडी घालत बसला. जिंकलेला माणूस असाच बसतो.

एमआरआयच्या दिवशी ओहोटी होती. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचमध्ये उतरताना पायऱ्या खोल लागतात. मी हात पुढं केला तोवर ती मामाच्या पाठीवर चढलीपण होती. मी तिची पाण्याची बाटली घेऊन मागून उतरलो, हमालासारखा. भाऊच्या धक्क्यापर्यंत बाटली मांडीत घेऊन पाण्याकडं बघत बसलो. क्रांती म्हणाली, “लाटंचा तरास होतोय का?” मी म्हणालो, “व्हय, लाटंचाच.”

एमआरआयच्या दारात पूनम मॅडम नावाच्या टेक्निशियन. हातात प्रश्नांचा कागद. आत जबरदस्त चुंबक असतं, म्हणून आत बसणाऱ्याच्या अंगात लोखंड आहे का, हे विचारत होत्या. क्रांतीनं हौसेनं “मी बसू?” विचारलं आणि पहिल्याच प्रश्नाला आउट झाली. तीन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडली तेव्हाचा रॉड तिच्या मांडीत आहे, त्याचे कागद घरी. मग पूनम मॅडमनी पुढचा प्रश्न वाचला, “ग्राइंडिंग, वेल्डिंगचं काम करता का? डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय?”

माझ्या डोक्यात दिवा पेटला. खरं सांगतो, त्या क्षणी पोरगी, आजार, काही आठवलं नाही. फक्त एवढंच दिसलं की हा माणूस बाहेर आणि मी आत.

दिपेश लांब बाकावर प्राप्तीच्या केसांतल्या क्लिपा काढत होता. मी तोंड मयताचं केलं आणि हळूच म्हणालो, “मॅडम, तो लाजतो, सांगणार न्हाय. पण गेल्या साली त्याच्या डोळ्यात कण गेलाय. अजून आतच हाय.”

पूनम मॅडमनी त्याला हाक मारली. “तुम्ही वेल्डर?”

“हं.”

“डोळ्यात कधी कण गेला?”

“जातोच की मॅडम. वेल्डरच्या डोळ्यात कण जायचाच.”

“सगळे निघाले?”

दुसरा कुणीही ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. पण हा दिपेश. विचार करत राहिला. “आता... बघितलंय कुनी?”

मला काही करायचंच उरलं नाही. पूनम मॅडमनी त्याच्या नावावर काट मारली. “डोळ्याचा एक्स-रे काढून डॉक्टरांनी पास केल्याशिवाय तुम्ही या दारातून आत येणार नाही. चुंबकानं कण हलला तर डोळा जाईल.” मग माझ्याकडं. “तुमच्या अंगात काही?”

“मॅडम, मी आतून एकदम पोकळ.”

प्राप्तीनं हे ऐकलं. तिचा हात मामाच्या शर्टावरून सुटायला वेळ लागला, तेवढंच.

आत थंडगार. प्राप्तीला निजवलं, कानात बोळे घातले, वर हेडफोन, अंगावर पट्ट्या. डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी, त्यात छोटा तिरका आरसा. त्या आरशातून तिला पायांकडचं दिसतं. पायांकडं खुर्ची. खुर्चीवर मी, माझ्याही कानांत बोळे.

मी ठरवलं होतं, अजिबात हसवायचं नाही. एकदम गंभीर बसायचं. तेच चुकलं. मशीन सुरू झालं, ठाक ठाक ठाक, आणि आरशात तिला काय दिसलं? पप्पाचं गंभीर तोंड! तिला वाटलं, आता काहीतरी येणार. पोट हललं. मग पट्ट्या हलल्या.

स्पीकरमधून पूनम मॅडम, “बाळा, हलू नकोस. परत घेऊ.”

मी आणखी गंभीर झालो. ती आणखी हसली. हसताना गळ्याखालचं टेंगूळ दुखलं असणार, कारण हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मी खुणेनं सांगायला गेलो, ‘मी खरंच गंभीर आहे,’ तर त्या खुणेला फिसकन हसली.

मशीन थांबलं. दार उघडलं. पूनम मॅडम दारातच उभ्या. “साहेब, अर्धा तास गेला आणि एक फोटो धड नाही. शेवटचं एकदा बघते. नाहीतर भूल आणि दीड महिना.”

दीड महिना. क्रांती काचेमागं उभी होती. गेले आठ दिवस तिनं ‘ते दुसरं’ हा शब्द घरात उच्चारला नव्हता, पण पोळी लाटताना थांबायची, लाटणं हातात तसंच.

मी बाहेर आलो. “मॅडम, मेव्हण्याला पाठवा आत. कणबिन काय न्हाय. मी थाप मारली.”

“काय?”

“मला आत बसायचं होतं म्हनून.”

क्रांती माझ्याकडं बघत होती. असं तिनं मला आधी बघितलेलं नव्हतं. दिपेश पण बघत होता.

पूनम मॅडमचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “मघाशी आहे म्हणालात, आता नाही म्हणता. मी कुठलं धरू? आणि ते स्वतःच म्हणाले, कुणी बघितलंय. मशीनला गंमत कळत नाही, साहेब.”

“मॅडम, आईची शपथ...”

“शपथेवर डोळा परत येत नाही. एक्स-रे करून या. दोन तास लागतील, पण तेवढा वेळ मशीन अडवून ठेवता येत नाही. बाहेर दुसरी मुलं थांबलीत.”

मी दिपेशकडं बघितलं. म्हटलं, शिवी घाल, कानाखाली मार, काहीतरी कर. तो म्हणाला, “दाजी, तुम्हीच जा.” आणि मग, “तिला इचारा, कसं बसू.” वीसपैकी सात शब्द खर्च केले माझ्यावर.

आत गेलो. पिंजऱ्याशी वाकलो. “प्राप्ती, मी कसा बसू? तू सांग.”

तिनं लगेच सांगितलं. विचार करून ठेवलेला असावा. “तिकडं तोंड कर. भिंतीकडं.”

“मग तुला माझी पाठ दिसंल.”

“चालंल. आनि बोलू नको. हात पन हलवू नको.”

“शपथ.”

“तुझी नको. दुकानाची घे.”

दुकानाची शपथ घेतली आणि खुर्ची भिंतीकडं वळवली.

भिंत पांढरी. एक बटण, त्यावर काहीतरी इंग्रजीत. ठाक ठाक ठाक, मग घर्र, मग परत ठाक. कुणीतरी चाकाच्या रिंगवर घण घालतंय असं वाटत होतं. पाच मिनिटांत माझ्या तोंडात जोक आला. हळदीचा डीजे आठवला, त्यावर मस्त जमला असता. गिळला. दहा मिनिटांनी नाक खाजलं. खाजवलं नाही. माझ्या पाठीमागं ती कशी आहे, हसतेय की रडतेय, मला काहीच दिसत नव्हतं. मान वळवली असती तर दिसलं असतं. तिनं तसं वर्षभर माझ्यासमोर काढलं असेल. ताटावर बसायची, अभ्यासाला बसायची, दुखत असायचं, पण हलायची नाही. आणि मी समोर बसून जोक मारत होतो.

मग मी फुल्या मोजायला लागलो. घोटा, गुडघा, गळा, कंबर. घोटा, गुडघा, गळा, कंबर. दुसरं काही येत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा पाय मेले होते. पूनम मॅडम एवढंच म्हणाल्या, “आले फोटो.” प्राप्तीनं पिंजऱ्यातून डोकं काढलं आणि आधी विचारलं, “मामा कुठाय?”

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर फोटो लावला. माझी पोरगी करडी, सगळी हाडं करडी आणि त्यांत पांढरे डाग. दिवे लावल्यासारखे. त्यांनी दिपेशचा कागद बाजूला ठेवला आणि पेन फिरवलं. घोटा, बरोबर. गुडघा, बरोबर. गळ्याखालचं हाड, मोठा डाग. कंबर, मणक्यात एक. दिपेशच्या चारही फुल्या खऱ्या निघाल्या.

“आणि या तीन नवीन. उजवी टाच, डावी मांडी, इथं खुबा.”

दिपेशनं कागदाकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. त्याला माहीत नव्हत्या! तीन जागा मामाला पण माहीत नव्हत्या! मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. पोरीच्या हाडांत सात डाग दिसत होते आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. असा बाप.

“इथं दुखायचं?” बाईंनी टाच दाखवली.

“थोडं,” प्राप्ती म्हणाली. “सांगितलं असतं तर सहलीला पाठवलं नसतं.”

“आणि मांडी, खुबा?”

“तिथं न्हाय दुखत.”

“बरोबर. काही जागा गप्पच असतात, फोटोतच सापडतात.” मग त्या क्रांतीकडं वळल्या आणि पेन खाली ठेवलं. “तुम्ही विचारलं होतं ना, दुसरं काही? या फोटोत तसं काही नाही. हाडाच्या सुजेचाच आजार आहे. खात्रीसाठी गळ्याखालचा छोटा तुकडा तपासून घेऊ, पण मला काळजी वाटत नाही. सूज उतरवायची गोळी सुरू करू. नाही पुरली तर पुढची औषधं आहेत. वेळ लागेल, येईल जाईल. नवीन जागा दुखली की लगेच कळवायचं. लपवायचं नाही.”

क्रांती तिथंच रडली. दिपेशनं तिला पाण्याचा ग्लास दिला. ग्लास मी द्यायला हवा होता, पण पाण्याचा जग त्याच्याच जवळ होता.

तुकडा तपासला, त्यातही काही वाईट निघालं नाही. दिपेशच्या डोळ्याचा एक्स-रे क्रांतीनं हट्टानं काढायला लावला. त्यातही काही नव्हतं. ती माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. मी सरपंचाच्या स्कूटरकडं बघितलंसुद्धा नाही, एवढा सुधारलो होतो.

गोळ्यांनी घोटा थांबला. टेंगूळ बसायला लागलं. नवा कागद झाला, सात फुल्यांचा, तो दिपेशकडंच. रोज संध्याकाळी प्राप्ती त्याला फोन करायची आणि दार लोटून घ्यायची. मी दाराबाहेर चप्पल शोधत उभा राहायचो. चप्पल रोज हरवायची.

परवा शनिवारी शाळा अर्धी होती. ती डबा घेऊन दुकानावर आली. मी ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली जॅक लावत होतो. ती टायरच्या ढिगावर बसली, पाय हलवत. मग म्हणाली, “पप्पा, हितं दुखतंय.”

डाव्या जबड्यावर बोट होतं.

मी जॅक सोडला. “कधीपासून?”

“सकाळपासून.”

“मामाला सांगितलंस?”

“न्हाय अजून.”

“का?”

“मामा यार्डात हाय. तू हितं होतास.”

एवढंच कारण. मी जवळ होतो. पण मला चालतंय. मला आधी सांगितलं! पोरीचा जबडा दुखतोय, नवीन जागा आहे, बाईंना कळवायला हवं, हे सगळं कळत होतं. लाजही वाटत होती. तरी ग्रीसच्या हातानंच मी फोन काढला आणि पहिला नंबर बाईंचा नाही लावला.

“दिप्या, जबडा. डावा. आज सकाळपासून. मला सांगितलं तिनं. मला आधी.”

पलीकडं ग्राइंडर बंद झाला. “हं,” दिपेश म्हणाला. मग, “दाबल्यावर दुखतंय का चावल्यावर?”

ते मी विचारलंच नव्हतं. 

“थांब,” म्हणालो, आणि फोन छातीशी धरून तिच्यासमोर खाली बसलो. “प्राप्ती, दाबल्यावर गो, का चावल्यावर?”

तिनं डब्यातला पोळीचा तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चावला, मान वाकडी करून जरा वेळ दुखतंय का ते नीट बघितलं. मी वाट बघत राहिलो.